चौथ्या कोसापर्यंत

मैलोबा बसून असतो
जिथून सगळी अंतरं मोजली जातात तिथे,
आणि म्हणूनच त्याला कुठे जाता येत नाही.
चार घोडे आहेत त्याला, चुन्याचे.
एकाच्या कानात चिमणीनं घर केलंय.

माणसं त्याच्याकडे मेल्यावर चालत येतात,
महालातून, मोमिनपुऱ्यातून, कळमन्याच्या बाजारातून,
संत्र्याच्या पेटीचा खिळा अजून हातात,
नाहीतर ओठात अर्धी राहिलेली शिवी.
मैलोबा दगडावरून बोट फिरवतो, आकडा सांगतो:
तुला अकरा कोस. तुला अकराशे.
कोणत्या हिशेबानं, ते आम्हाला शिकवलेलं नाही.

आम्ही वाटाडे.
पहिले चार कोस आमचे,
नाग नदीच्या काठाकाठानं, पाणी जातं तिकडे,
जिथे शहर आपलं सगळं नको झालेलं सोडून देतं.
भुराबाईनं मला हे काम शिकवलं:
पुढे चाल, पण घाई दाखवू नको.
पाणी विचार, नाव विचारू नको,
नाव घेतलं की ते मागे वळतात.
जिभेखाली संत्र्याची वाळकी साल ठेव,
म्हणजे त्यांचा हुंदका तुझ्या तोंडात शिरणार नाही.
आणि बाभळीपाशी सोड.

संध्याकाळी परत आलं
की मैलोबा विचारतो. रोज, तेच.
"पलीकडं काय हाये?"
देव आहे तो, आणि त्याला ठाऊक नाही.

भुराबाई सांगायची, आमराई आहे देवा,
माठातलं पाणी आहे, वाळ्याचा वास येतो.
तो डोळे मिटायचा.
चाळीस वर्षं तिनं देवाला असं थोपटून निजवलं.
मग नवतपात एका दुपारी
तीच आली दगडापाशी, रिकाम्या हातांनी,
आणि चार कोस मी तिच्या पुढे चालले.
बाभळीपाशी कपाळावर हात धरून तिनं समोर पाहिलं.
"काहीच दिसून नाही राह्यलं, पोरी."
मग हसली.
"त्याले नको सांगू."

नाही सांगितलं.
आमराईला मी मोहर आणला, कोकिळा बसवल्या,
एकदा तर चुकून पाळणासुद्धा बांधला.

परवा सुकाजी हेडाऊ आला,
गोळीबार चौकातला कोष्टी,
हातमागावरून उठून थेट.
"नवातले सात वार झाले, बाई.
दोन वारापुरता थांबत नाही का तुमचा मैलोबा?"
मी नियमाप्रमाणे पाणी विचारलं.
"पाणी राहू दे. हे धर."
सुताचं टोक. जांभळं, खळीनं ताठ.
कांडी त्याच्या मुठीत.
"सूत तुटलं तं कोष्ट्याले आवाज येते.
तुटत नाही तवर मी हाव, समज."

नऊशे कोसांचा माणूस बाभळीपलीकडे गेला.
कांडीवर एवढं सूत मावत नाही,
मी कोष्ट्याची नाही, पण एवढं मला कळतं.
ते टोक मी पायाच्या अंगठ्याला बांधलं.
रात्री कूलरच्या घरघरीत
मधूनच ओढ लागते,
कुणी थांबून घाम पुसावा
आणि परत निघावं तशी.

काल मैलोबानं विचारलं.
मी आमराईसाठी तोंड उघडलं
आणि जिभेखालची साल कडू झाली.
"ठाऊक नाही, देवा," म्हटलं.
"आम्ही कुणीच बाभळीच्या पुढे गेलो नाही.
पण एक जण अजून चालून राहिला."
आणि पाय पुढे केला.

तो किती वेळ काही बोलला नाही.
मग वाकला. दगडाचा देव, वाकताना कुरकुरला.
दोन बोटांत सूत धरलं,
पोरगं पतंगाचा मांजा धरतं तसं,
श्वास रोखून.

ओढ आली.
चुन्याच्या घोड्याचा कान हलला,
किंवा चिमणी उडाली.

रांगेतल्या एका म्हातारीनं मागून विचारलं,
"काहून थांबलं बाप्पा?
इथं ऊन लागून राह्यलं ना."